गुरुवारचा टिलर

पहाटे साडेपाच

गुरुवार, म्हणजे आमचा रविवार. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळ्या वारी साप्ताहिक सुट्टी द्यायची जुनी पद्धत आहे आणि भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला आहे. बायको कामाला जाणार, बँका उघड्या, दुकानं उघडी, आणि एमआयडीसीतला मेन्टेनन्स फिटर घरी. दिघीत ही सुट्टी सोयीची पडते, कारण दत्ताचा वारही तोच. उजाडायच्या आत दत्तगडाच्या वाटेवर माणसं दिसायला लागतात. मे संपत आलाय, रोहिणी नक्षत्र लागलंय, आईच्या चऱ्होलीच्या तुकड्यात मृगाच्या आत माती उलटून व्हायला हवी. म्हणून मी गडावर न जाता घरामागच्या पत्र्याच्या पडवीत जातो आणि ताडपत्री बाजूला करतो.

खाली उभा आहे मित्सुबिशी शक्ती. बारा अश्वशक्तीचा पॉवर टिलर, एकच सिलिंडर आणि तोही आडवा, पुढे इंजिन, मागे रोटरीची पाती आणि माणसाने धरून चालायची दोन लांब हँडलं. नारायणगावच्या बाजूला एका द्राक्षबागेच्या बांधावर, आंब्याखाली, हा कित्येक पावसाळे उभा होता. मालकाच्या मुलाने बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर घेतला आणि याच्याकडे कुणी बघेनासं झालं. भंगारवाला वजनावर जेवढे देत होता त्याच्यावर मी दोन हजार ठेवले. चारशे किलोच्या आसपासचं ते धूड चौघांनी 'छोटा हत्ती' टेम्पोत चढवलं आणि नाशिक रस्त्याने दिघीला आणलं. मालकाने सोबत हँडल मारायची दांडी दिली, पान्ह्यांचा गंजका डबा दिला आणि वर सांगितलं, "उभा केला तेव्हा चालू होता." जुनं यंत्र विकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. बिघाडाची सुरुवातच मुळी उभं केल्यानंतर होते.

सकाळी सात

नाना आले. शेजारचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये उमर घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशात अजूनही सहा इंची स्टीलची पट्टी असते. आमच्या गल्लीतून थोडं पुढे गेलं की संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची, आर अँड डीई इंजिनिअर्सची, लांबच लांब भिंत लागते. लष्करासाठी 'सर्वत्र' नावाचा ट्रकवरून उलगडणारा पूल तिथेच घडला. नाना त्या भिंतीकडे बोट करून म्हणतात, "तिकडे पूल, इकडे टिलर. काम एकच, आटे सरळ बसले पाहिजेत."

आजचा बेत इंजिन सुरू करायचा आहे. इथवर यायला बरेच गुरुवार गेले, त्यातला मोठा भाग पिस्टन सोडवण्यात. उभ्या सिलिंडरचं इंजिन जॅम झालं तर वरून तेल ओता आणि वाट पाहा, एवढं सोपं असतं. आडव्या सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल खालच्या बाजूला साचतं आणि वरच्या अर्ध्या रिंगांना थेंब मिळत नाही. लोक मग जोर लावतात, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही हेड खोललं, यंत्र कलवून सिलिंडरचं तोंड आभाळाकडे केलं, डिझेल आणि गिअरबॉक्सचं लाल पातळ तेल मिसळून पिस्टनवर ओतलं आणि तसंच ठेवलं. पातळी किंचित उतरायला लागली तेव्हा नाना म्हणाले, आता वाट सापडली. मग बाभळीचा ठोकळा, वर हलकी हातोडी, आणि एकदा खाली, एकदा फ्लायव्हीलने वर. सुटला. लायनरवर गंजाचा एक पट्टा होता, पण नखाला अडकत नव्हता. होनिंग करून भागलं. नव्या रिंगा घातल्या, वॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासले, हेडचं गॅस्केट नवं टाकलं.

थंड देशांतले लोक जुन्या इंजिनाचा ब्लॉक तडकलाय का ते आधी बघतात, कारण आत राहिलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं आणि लोखंड फोडतं. आपल्याकडे ते दुखणं नाही. आपलं दुखणं बोअरच्या पाण्याचं. पाण्याच्या हॉपरच्या तळाला क्षाराचा आणि गंजाचा असा थर होता की तो काढायला खरवडणी लागली. तो तसाच राहिला असता तर इंजिन पहिल्या तासात तापलं असतं, आणि मी दोष रिंगांना दिला असता.

साडेआठ

नोझल घेऊन लांडेवाडीच्या बाजूला, इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे. ट्रकवाले आणि जेसीबीवाले रांगेत होते. टिलरची नोझल पाहून पंपवाल्याने भुवया उचलल्या, पण रांगेत मध्येच घेतली, कारण काम पाच मिनिटांचं. टेस्टरवर नोझल लावली, हाताची दांडी दाबली. धुकं निघायला हवं होतं. निघाली धार, आणि दांडी सोडल्यावरही टोकावर थेंब लोंबत राहिला. त्याने सुई बाहेर काढून दाखवली. तिच्यावर मधाच्या रंगाचा चिकट लेप होता आणि खाली गंजाचे ठिपके.

डिझेल टिकाऊ आहे असा आपल्याकडे समज आहे. टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्याला तिच्या वरच्या पत्र्यावर आतून दव धरतं, पाणी तळाला जातं, पाणी आणि डिझेलच्या सांध्यावर जिवाणू वाढतात आणि काळी साय तयार होते. ती साय फिल्टर गिळते, फिल्टरमधून निसटलेलं पाणी नोझल गंजवतं. आमच्या टाकीतून निघालेला द्रव नानांनी बाटलीत भरून ठेवलाय, पोरांना दाखवायला. वर तपकिरी, मध्ये काळी साय, खाली पाणी.

पंपवाल्याने नवी नोझल टाकली, शिम बदलून दाब पुस्तकाप्रमाणे बसवला आणि पुन्हा दांडी मारली. आता पंख्यासारखं बारीक धुकं आलं आणि करकर असा आवाज. तो आवाज ऐकला की पैसे द्यायला वाईट वाटत नाही.

तिथे नानांचा एक जुना वादही झाला. त्यांचं म्हणणं, हल्लीचं डिझेल कोरडं आहे, जुन्या पंपाला मारतं. यात अर्धं खरं आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज सहाचं डिझेल आलं, गंधकाचं प्रमाण दशलक्षात पन्नास भागांवरून दहावर उतरलं. गंधक काढताना इंधनातला वंगणाचा गुणही जातो. पण म्हणूनच रिफायनरीत त्यात वंगण सुधारणारं द्रव्य घालतात. पंपवाला म्हणाला, "काका, माझ्याकडे येणाऱ्या पंपांना डिझेल मारत नाही, पाणी मारतं." नाना गप्प बसले, पण पटलं असं नाही.

पावणेदहा

परत पडवीत. नोझल बसवण्याआधी एक गोष्ट बघायची होती, आणि ही मी मुलाला मुद्दाम जवळ बसवून दाखवली. तो अकरावीला आहे, सुट्टी चालू आहे, मोबाइल बाजूला ठेवायला तयार झाला हेच खूप.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. स्विच बंद केला की बंद, असं काही नसतं. हवा दाबली, डिझेल आलं, की ते पेटतं. किती डिझेल यायचं ते पंपातली रॅक ठरवते, आणि रॅकला मागे-पुढे ओढतो गव्हर्नर. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या पंपात ही रॅक त्याच चिकट लेपाने अडकलेली असते. ती पूर्ण डिझेलच्या जागी अडकली असेल आणि तुम्ही इंजिन सुरू केलंत, तर ते चढत जातं. लिव्हर मागे घ्या, काही होत नाही. आवाज वाढतो, फ्लायव्हील दिसेनासं होतं, आणि शेवटी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. जवळ उभ्या माणसाचं काय होईल ते त्याच्या नशिबावर.

आमची रॅक अडकलेलीच होती. पंप उतरवून डिझेलमध्ये बुडवला. पूर्वी अशा कामाला रॉकेल वापरायचे. आता ते आणायचं कुठून, म्हणून डिझेलच. ब्रशने धुतला, पुन्हा बुडवला. रॅक आधी तटून, मग खरखरत, मग बोटाच्या नुसत्या स्पर्शाने सरकायला लागली. "आता सोडून दे," नाना म्हणाले. मुलाने बोट काढलं. स्प्रिंगने रॅक आपोआप जागेवर गेली. तरीही खबरदारी म्हणून हवेच्या नळीच्या तोंडाएवढी एक फळी कापून ठेवली. इंजिन पळायला लागलंच तर तोंडावर ती दाबायची, हवा तोडायची. हात कधीच लावायचा नाही. हे मुलाच्या वहीत लिहून घेतलं.

दहा वाजता लाइट गेली. गुरुवारी महावितरण दुरुस्तीची कामं काढतं, त्यामुळे यात नवल नव्हतं.

अकरा ते दोन

आता खरा खोळंबा. हँडलची दांडी ज्या बुशात फिरते तो बुश अंडाकृती झिजला होता. दांडी हलत होती, दात अर्धेच पकडत होते. हँडल मारताना अशी दांडी निसटली तर मनगट जातं. बाजारात हा बुश मिळतो, पण चार दिवसांनी. भोसरीत लेथवाल्यांना तोटा नाही, पण गुरुवार. एमआयडीसीतली सगळी शटरं खाली. नानांनी फोन फिरवले आणि दिघीतच एक जुना सहकारी सापडला. घराखालच्या पत्र्याच्या खोलीत त्याचा स्वतःचा लेथ आहे. गुरुवारीही काम करतो, पण लाइट आल्यावर.

म्हणून थांबलो. हात धुतले, नानांचा दत्ताचा उपवास म्हणून वरईचा भात आणि दाण्याची आमटी होती, मी मात्र भाकरी खाल्ली.

थांबलेल्या वेळात माणूस विचार करतो की हे यंत्र इथे आलं कसं. युरोप-अमेरिकेत गार्डन ट्रॅक्टर म्हणजे हिरवळ कापणारी, बसून चालवायची गाडी. आपल्याकडे ती जागा टिलरने घेतली, आणि तो आला जपानहून. भातखाचरं लहान, बांध जवळजवळ, मोठा ट्रॅक्टर वळायला जागा नाही. जपानी शेतकऱ्याची ही अडचण आणि आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याची अडचण एकच. 1967 मध्ये बंगळूरला व्हीएसटीने मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर बनवायला सुरुवात केली. 1973 मध्ये केरळ सरकारच्या कॅम्कोने कुबोटाच्या तंत्राने आपला टिलर आणला. देशावर टिलर वेगळ्याच वाटेने रुजला. नाशिक, सांगली, जुन्नरच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून आणि मांडवाखालून जाईल असं यंत्र हवं होतं. माझा टिलर त्या वाटेने आलेला.

दिघीलाही तेव्हा टिलर शोभला असता. 1997 मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. त्याआधी इथे ज्वारी, मका, भाजीपाला होता असं नाना सांगतात. आता टेकडीच्या पायथ्याशी इमारती आहेत आणि शेत बघायला चऱ्होलीकडे जावं लागतं, तेही लवकर जा. पण शेती गेली तरी दुसरी एक गोष्ट साठत गेली. 1946 साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झालं, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग भोसरी, पिंपरी, आकुर्डी आणि बरंच पुढे चाकण. त्या कारखान्यांतून निवृत्त झालेला फिटर, टर्नर, ग्राइंडर आज दिघी-भोसरीच्या प्रत्येक गल्लीत सापडतो. शंभर रुपयांच्या बुशासाठी जो शेतकरी नारायणगावात हताश होतो, तो टिलर भंगारात देतो. मी तोच बुश घरापासून चालत जाऊन करून आणतो. माझा टिलर स्वस्त पडला असेल तर तो या शेजारामुळे. कुणी अहिल्यानगरच्या किंवा बीडच्या टोकाच्या गावात बसून माझं बघून असा टिलर घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो.

कुदळवाडीची आठवण निघालीच. पट्टे, पुल्या, बेअरिंगची घरं, कुठल्या तरी मोडक्या यंत्राचे दात शाबूत असलेले गिअर, सगळं तिथल्या भंगार गोदामांत मिळायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने ती हजारो बांधकामं पाडली. अनधिकृत होती, धूर करत होती, पाणी घाण करत होती, यात खोटं काही नाही. पण जुनी यंत्रं जगवणाऱ्यांचा बाजारही त्याच दिवसांत विखुरला, आणि त्याची कुठे नोंद नाही.

दुपारी अडीच

लाइट आली. लेथवाल्या काकांनी गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरला, जुन्या बुशाला मायक्रोमीटर लावलाच नाही. "झिजलेल्याचं माप कशाला घ्यायचं? दांडी दे, घर दे." दांडीवरून आतलं माप, घरावरून बाहेरचं, बसकण घट्ट राहावी म्हणून थोडं जास्त. पिवळा किस खाली पडत होता. तेलाची चरी विचारली, पाडून दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "नानाने माझं बरंच केलंय." मी तरीही दिले, फुकट काम करून घेतलं की पुढच्या वेळी दारात जायची लाज वाटते.

बुश बसवला, दांडी फिरवली. आता ती खेळत नव्हती. एअर फिल्टर आणि सायलेन्सरही त्याच वेळात झाले. सायलेन्सरच्या नळीत कुंभारमाशीची मातीची घरटी एकाला एक लागून होती, पक्की भाजल्यासारखी. तारेने फोडून काढली. फिल्टरच्या तेलाचा चिखल झाला होता. ही दोन्ही कामं सांगण्यासारखी नाहीत, पण ती केली नाहीत तर बाकी सगळं वाया.

साडेचार

टाकीत ताजं डिझेल, चेंबरमध्ये नवं ऑइल, हॉपरमध्ये पाणी. पंपाचा बोल्ट सैल करून हवा काढली. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. नळीचा नट नोझलपाशी सैल ठेवून पुन्हा हँडल फिरवलं, तिथेही डिझेल आलं, नट आवळला.

त्यानंतर लगेच सुरू केलं नाही. डीकॉम्प्रेशनची कळ दाबून, कॉम्प्रेशन सोडून, नुसतं हँडल फिरवत राहिलो. कोरड्या बेअरिंगांपर्यंत ऑइल पोहोचायला वेळ लागतो. पहिल्या काही सेकंदांत बेअरिंग जितकं झिजतं तितकं नंतर कित्येक तासांत झिजत नाही. नाना शेजारी फळी घेऊन उभे.

हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. विरुद्ध बाजूने वेढला आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर अंगठा मोडतो. जुन्या मोटारवाल्यांनी शिकवलेली ही गोष्ट सेल्फस्टार्टच्या जमान्यात लोक विसरले.

जोरात फिरवलं, वेग आला, कळ सोडली. धप्. पुन्हा. धप्, धप्, आणि बंद. पांढरा धूर. मुलगा म्हणाला, "बाबा, पेटतंय!" पांढरा धूर म्हणजे डिझेल आत येतंय पण पुरतं जळत नाही, इंजिन थंड आहे, रिंगा नव्या, अजून बसलेल्या नाहीत. थोडं ऑइल हवेच्या वाटेने चमचाभर सोडलं, कॉम्प्रेशन धरायला. जास्त सोडायचं नाही, नाहीतर त्याच तेलावर इंजिन पळतं.

पुन्हा हँडल. या वेळी धपधप थांबली नाही. पडवीचा पत्रा थरथरला, वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं, पांढऱ्याचा करडा झाला, करड्याचा जवळजवळ काहीच नाही. माझा हात थ्रॉटलवर, नानांची फळी नळीच्या तोंडाशी. लिव्हर पुढे, वेग वाढला, मागे, उतरला. गव्हर्नर धरत होता. नानांनी फळी खाली ठेवली आणि खिशातून तपकिरीची डबी काढली.

हॉपरमधून वाफ येईपर्यंत चालवलं. मग बंद करून हेडचे नट पुन्हा आवळले आणि टॅपेटचं अंतर फिलर गेजने बघितलं. गरम झालेलं नवं गॅस्केट दबतं. हे आवळणं राहिलं की महिन्याभरात पाणी ऑइलमध्ये जातं.

सहा

घरामागे रिकामा प्लॉट आहे, मालकाची परवानगी आहे. गवत आणि मुरूम. रोटरी जोडली, सगळ्यात हलका गिअर टाकला, क्लच सोडला.

टिलरला स्टिअरिंग नसतं. दोन्ही हँडलांखाली एकेक कळ असते. डावी दाबली की डाव्या चाकाचा दाब सुटतो, उजवं ढकलतं, यंत्र डावीकडे वळतं. हे सपाटीला. उतारावर नेमकं उलटं: सुटलेलं चाक मोकळं धावतं, धरलेलं अडवतं, आणि डावी दाबली तर यंत्र उजवीकडे जातं. दिघीचा प्लॉट टेकडीकडून उतरता, त्यामुळे मुलाला हे शिकवायला जागा मिळाली. आधी सांगितलं, मग सपाटीवर चालवायला दिलं. उतारावर दिलं नाही. अजून नाही.

पाती मुरमावर खणखणली, गवताखाली मातीचा थर लागला तिथे छान उलटली. बायको ऑफिसातून आली, पिशवी दारात ठेवून बघत राहिली. "अहो, हा एवढा आवाज रोज करणार आहात का?" मग थोड्या वेळाने, "कोथिंबीर लावता येईल इथे." परवानगी मिळाली असं मी समजलो.

तासाभरात उजव्या बाजूचा ऑइल सील गळायला लागला आणि पट्टा घसरल्याचा वास आला. थांबवलं.

रात्री नऊ

हिशेब. रिंगा, गॅस्केटचा संच, नोझल, फिल्टर, ऑइल, बुश, टेम्पो, होनिंग. बेरीज टिलरच्या किमतीपेक्षा जास्त झाली आहे, आणि पट्टे, सील, क्लच प्लेटा बाकी आहेत. माझे आणि नानांचे गुरुवार यात धरलेले नाहीत; धरले तर हिशेब बसत नाही, आणि ते सोडून हिशेब मांडणं ही सगळ्या हौशी दुरुस्तीवाल्यांची चलाखी आहे. तरीही दोन लाखांच्या पुढच्या नव्या टिलरच्या तुलनेत हा खूपच खाली राहील. नव्या टिलरला यांत्रिकीकरणाच्या योजनेत अनुदान मिळतं, महाडीबीटीवर अर्ज करायचा. जुना उभा करणाऱ्याला योजना नाही. जुलै 2020 मध्ये केंद्राने टिलरची आणि त्याच्या सुट्या भागांची आयात निर्बंधित यादीत टाकली. म्हणून जुना घ्यायचाच असेल, तर ज्या बनावटीचे पार्ट इथेच तयार होतात तोच घ्यावा, हे माझं ठाम मत. स्वस्तात मिळालेलं अनोळखी नाव पडवीत शोभेला राहतं.

घ्यायला जाल तेव्हा मालकाला "चालू करून दाखव" म्हणू नका. घाईने मारलेल्या हँडलने जेवढी इंजिनं मेली तेवढी वापराने नाही. कळ दाबून फ्लायव्हील हाताने हलवून बघा. हललं नाही तर भंगाराच्या भावाच्या वर जाऊ नका. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय. हॉपरमध्ये हात घालून तळ चाचपा. पंपाची रॅक सरकते का ते घरी आणल्यावर, आणि पहिलं हँडल मारण्याआधी.

आणि तुमच्याच बांधावर असा एखादा टिलर उभा असेल, तर टाकीतलं जुनं डिझेल आणि हॉपरमधलं पाणी या आठवड्यात काढून टाका, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून फ्लायव्हील फिरवून ठेवा, सायलेन्सरच्या तोंडावर एखादा डबा उलटा घाला. विकायचा की चालवायचा, ते पाऊस झाल्यावर ठरवा.